मी पैसे सोडले, तुम्ही रस्ता का सोडलात?

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच गाठीशी येऊन थांबली: झालेली चूक, देवाची क्षमा आणि त्यानंतरचं जगणं. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकाला ठेवली आहेत. पत्रं थोडी आखडली आहेत आणि कुणाची ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे.

प्रश्न : बाई, सलाम. मी खानापूर तालुक्यातली, वय ४७. अकरा वर्षांपूर्वी गावच्या स्त्रीशक्ती संघाचा, म्हणजे बायकांच्या बचत गटाचा, पैसा माझ्याकडे असायचा. मुलाच्या डिप्लोमाची फी भरायची शेवटची तारीख आली आणि मी संघाचे १२,००० रुपये उचलले. त्या महिन्यात बँकेत भरणा करायला माझी जोडीदारीण गेली होती. हिशेबात पैसे कमी निघाले तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. मी गप्प बसले. तिनं संघ सोडला. पुढच्या दोन वर्षांत मी शंभर, दोनशे, पाचशे करत सगळे पैसे दंड आणि व्याज म्हणून संघात परत घातले. नवऱ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. ती बाई अजून आमच्याच गावात, मारुतीच्या देवळामागं राहते. देवापुढं मी किती रडले त्याला गणती नाही. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये सगळे प्रभुभोजनाला, भाकर आणि प्याला घ्यायला, पुढं जातात तेव्हा मी गुडघे दुखतात म्हणून बाकावरच बसते. चर्चच्या स्त्री समाजाच्या खजिनदारीला कुणी माझं नाव घेतलं की अंगावर काटा येतो. नवरा म्हणतो, झालं गेलं गंगेला मिळालं. देवानं मला क्षमा केली असेल का? आणि हे मी आता उकरून काढावं का?

उत्तर : ताई, सलाम. तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत. पहिल्याचं लगेच देते: हो, केली आहे. पण हे 'हो' तुम्ही अकरा वर्षांत किती उपदेशांतून ऐकलं असेल, आणि तरी तुम्ही बाकावरच आहात. म्हणून तुम्हाला माझ्या आईची गोष्ट सांगते.

आमचं लहानपण लोंढ्याच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. वडील कीमन होते. मीटरगेजचे दिवस. खांद्यावर हातोडा आणि पाना टाकून रोज ठरलेल्या मैलांमध्ये रुळाच्या कडेनं चालायचं, सैल झालेली चावी ठोकायची, बोल्ट आवळायचा. १९६५ च्या पावसाळ्यात त्यांना विषमज्वर झाला आणि त्यावर कावीळ. अडीच महिने अंथरुणाला होते. पगार अर्ध्यावर आला, मग तोही थांबला. स्टेशनच्या वाटेवरच्या किराणा दुकानात आमची उधारी चढत चढत ९३ रुपयांवर गेली. दुकानदार लिंगायत. घरात कन्नड, आमच्याशी मराठी. त्यांची लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही मला अजून दिसते, तिला गुंडाळलेली सुतळी आणि सुतळीत खोचलेली पेन्सिल. दिवाळीत त्यांनी नवी वही घातली तेव्हा आमचं खातं नव्या वहीत ओढलंच नाही. जुन्या पानावर आडवी रेघ मारली, खाली 'बेबाक' लिहिलं आणि मुलाकरवी निरोप धाडला, कीमनच्या घरचं काही येणं नाही.

आईनं त्या दिवसापासून तो रस्ताच टाकला. मालधक्क्याच्या मागच्या चिखलातून वळसा घालून ती पलीकडच्या दुकानात जायची. काडेपेटीसुद्धा तिथून आणायची. मी पिशवी घेऊन तिच्या मागं. 'आई, आपलं दुकान तर तिकडं आहे,' म्हटलं की ती माझा हात ओढायची. नाताळ होऊन गेल्यावर एका संध्याकाळी ते दुकानदार काका आमच्या व्हरांड्यात येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, "वैनी, मी पैसं सोडलो. तुमी रस्ता कशाला सोडलासा? माझं दोन्ही गेलं की. पैसं बी गेलं आणि माणसं बी गेलीत."

आई पदर तोंडाला लावून रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला पावशेर गूळ आणायला त्याच दुकानात पाठवलं.

ताई, तुमचे दुखणारे गुडघे म्हणजे तो मालधक्क्यामागचा रस्ता आहे. देवानं खातं मिटवलं ते काही त्याला वही कोरी करायची हौस होती म्हणून नव्हे. त्याला तुम्ही हव्या होता. तुम्ही मात्र अकरा वर्षं त्याचं दार चुकवून जाताय आणि त्यालाच पश्चात्ताप म्हणताय. आपण रोज प्रभूच्या प्रार्थनेत काय म्हणतो ते आठवा. आमची ऋणं आम्हांस सोड. पाप नाही म्हटलेलं, ऋण म्हटलंय. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही देणं, बाकी असाच आहे. आणि योहान आपल्या पहिल्या पत्रात लिहितो की आपण पापं पदरी घेतली, म्हणजे कबूल केली, तर देव क्षमा करायला विश्वासू आहे आणि न्यायी आहे. तिथं 'दयाळू' हा शब्द सहज आला असता. त्यानं 'न्यायी' लिहिलंय. म्हणजे ही क्षमा देवाच्या त्या दिवसाच्या मर्जीवर टांगलेली नाही. ज्याचं देणं वधस्तंभावर फिटलं, त्याच्याकडे पुन्हा मागणं न्यायाला धरून होणार नाही.

नवऱ्याच्या म्हणण्याविषयी एक सांगते. ते तुमच्या काळजीनंच म्हणतात, त्यांच्यावर रागावू नका. पण तुम्ही खानापूरच्या आहात. एप्रिल-मे महिन्यांत मलप्रभेच्या घाटावर उभं राहून बघा. पाणी आटलं की पावसाळ्यात कुणी काय काय टाकलं होतं ते सगळं वर दिसतं: फुटके माठ, बाटल्या, देवांच्या जुन्या तसबिरी. आपण आपल्या हातानं नदीला मिळवलेलं असं उन्हाळ्यात वर येतं. तुमचा उन्हाळा महिन्याच्या दर पहिल्या रविवारी येतो. मीखा संदेष्टा म्हणतो की देव आपली पापं समुद्राच्या खोल तळाशी टाकतो. टाकणारा देव, आणि जागा समुद्र. तुम्ही त्याच्या हाती दिलंय आणि स्वतःच्या हातातही धरून ठेवलंय.

प्रभुभोजनाची तुम्हाला भीती कशाची वाटते ते मी जाणते. प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलंय की जो अयोग्य प्रकारे भाकर खाईल आणि प्याला पिईल तो दोषी ठरेल. आमच्याकडच्या पुष्कळ बायका हे वाक्य ऐकून जन्मभर मागं बसल्या. पण त्याच अध्यायात थोडं वर वाचा. करिंथमध्ये काय चाललं होतं? पैसेवाले आपलं जेवण आधी उरकायचे. एक उपाशी राही आणि दुसरा पिऊन तर्र होई. गरिबाचा अपमान करून त्याच्याच पंगतीत प्रभूचं नाव घ्यायचं, हा तो अयोग्य प्रकार. पौल जेवण्याच्या रीतीबद्दल बोलतोय. जेवणारा लायक आहे की नाही असं विचारलं असतं तर त्या मेजाजवळ एकही माणूस उभा राहिला नसता. मी तर नाहीच.

बेळगावात १८२० साली लंडन मिशन आलं, १९०४ मध्ये ते काम मेथडिस्टांकडे गेलं. आमची मंडळी त्याच वळणाची. आमच्याकडे भोजनाआधी पाळक जे आमंत्रण वाचतात ते या खेपेला कान देऊन ऐका. ज्यांना पापांचा खरा पश्चात्ताप झाला आहे, जे शेजाऱ्यांशी प्रीतीनं आहेत आणि ज्यांचा नव्या रीतीनं चालायचा निश्चय आहे, त्यांना ते बोलावणं आहे. पहिली अट तुमची केव्हाच पुरी झाली आहे. तिसरीही. अडलंय ते मधलं. शेजाऱ्यांशी.

आणि इथं मी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाशी येते. इथं मी मऊ बोलणार नाही.

१२,००० रुपये तुम्ही फेडलेत. पण घेणेकरी दोन होते. एक संघ. दुसरी मारुतीच्या देवळामागं राहते आणि तिचं तुम्ही काही फेडलेलं नाही. गावाच्या तोंडी ती अजून ती पैसे खाल्लेली बाई आहे. देवानं तुम्हाला क्षमा केली म्हणून तिच्या नावावरचा डाग निघत नाही. तो डाग कुठून लागला हे बोलू शकणारं तोंड एकच आहे आणि ते तुमचं आहे.

मला हे बोलायचा अधिकार कुठून आला तेही सांगते. मी ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. १९८७ साली चौथीच्या वर्गातून सहलीसाठी गोळा केलेले ६० रुपये टेबलावरून गेले. मी सगळ्या वर्गापुढं एका मुलीचं दप्तर जमिनीवर ओतलं. तिचंच का, तर ती सगळ्यांत गरीब होती; दुसरं काही कारण नव्हतं. दप्तर म्हणजे खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी. त्यातून फुटकी पाटी निघाली, फडक्यात बांधलेली भाकरी निघाली, मूठभर चिंचोके घरंगळत बाकाखाली गेले. ती चिंचोके वेचत होती आणि मी वरून विचारत होते, "कुठं लपवलेस?" संक्रांतीनंतर ती शाळेत आली नाही. एप्रिलमध्ये हजेरीपटाचं कव्हर बदलायला काढलं तर पैसे आत पुठ्ठ्याला चिकटलेले. मीच ठेवले होते.

मी कुणाला सांगितलं नाही. माझे यजमान पाळक होते, त्यांनाही नाही. देवापुढं रडले. मला शांती मिळाली असंही मी पुढं कित्येक वर्षं प्रार्थनासभेत सांगत असे. मग चौदा वर्षांनी खानापूरच्या बसस्टँडवर ती दिसली. कडेवर मूल, एकाचं बोट धरलेलं. मी धावत गेले आणि म्हणाले, "बाळ, मी देवापाशी फार रडले गं. देवानं मला क्षमा केली आहे, तूही कर."

ती म्हणाली, "बाई, देवानं केली असंल. पर मला कुणी इचारलं?"

आणि नंदगडच्या गाडीत चढून गेली. माझी गाडी लागली, सुटली, मी तिथंच बसून होते.

महिन्याभरानं पत्ता काढत तिच्या माहेरी गेले. ती त्या दिवशी तिथं आली होती. या वेळी मी देवाचं नाव काढलं नाही. दारातच उभी राहून तिच्या आईवडलांपुढं म्हणाले की पैसे हजेरीपटात सापडले होते, हिनं घेतले नव्हते, मी सगळ्यांसमोर हिचं दप्तर ओतलं आणि खरं कळल्यावरही गप्प बसले. तिचे वडील उठून गोठ्याकडे गेले ते मी असेपर्यंत परत आले नाहीत. तिनं मला तांब्याभर पाणी दिलं. मी प्यायले आणि निघाले. तिनं क्षमा केली का, हे ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही. पण येशूनं जे सांगितलंय, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाळलं. तोवर नुसतंच शिकवलं होतं.

तेव्हा आता तुम्ही काय करायचं? येत्या पहिल्या रविवारच्या आधी जा. नवऱ्याला सांगून जा, पण एकट्या जा. पेढे, नारळ, साडी काही नेऊ नका. आपली अडचण, मुलाची फी, ती शेवटची तारीख, हे सगळं खरं आहे, पण ते तिथं सांगू नका. तिनं विचारलं तरच सांगा. पैसे मी घेतले होते, तुमच्यावर आळ आला तेव्हा मी गप्प बसले, एवढं म्हणा. आणि पुढचं एक: संघातल्या सगळ्या बायकांपुढं मी हे सांगायला तयार आहे, तुम्ही म्हणाल तेव्हा, तुम्ही म्हणाल तिथं. ती नको म्हणाली तर तिच्या मनाविरुद्ध गावभर करू नका. तो आता तिचा हक्क आहे. ती ओरडेल, रडेल, दार लावून घेईल. गावात तुमचं नाव खराब होईल, मुलाच्या कानावर जाईल. हे सगळं होऊ शकतं आणि मी ते लपवणार नाही. येशूला भेटलेला जकातदार जक्कय म्हणाला होता की कुणाचं काही अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत देतो, आणि तेव्हा येशू म्हणाला, आज या घराला तारण प्राप्त झालं. ते चौपट जक्कयाच्या खिशातून गेलं होतं. तुमचं चौपट अब्रूतून जाईल.

पण ती काहीही म्हणो, रविवारी तुम्ही उठून पुढं जायचं. तिच्या क्षमेवर ते मेज अवलंबून नाही.

खजिनदारी आता घेऊ नका. खरं कळल्यावर समाजाला काय ठरवायचं ते ठरवू दे. मात्र दुसरं काम घ्या, सगळ्याच कामाला नाही म्हणू नका. योहानानं एक बारीक गोष्ट टिपून ठेवली आहे. येशूला पकडून नेल्यावर त्याचा शिष्य पेत्र 'मी त्याचा नाही' म्हणून तीनदा नाकारतो, तेव्हा तो मुख्य याजकाच्या अंगणात कोळशांच्या विस्तवापाशी शेकत उभा असतो. पुनरुत्थानानंतर तळ्याच्या काठी येशू त्याच्यासाठी मासे भाजतो तेही कोळशांच्या विस्तवावर. अख्ख्या नव्या करारात तो ग्रीक शब्द या दोनच ठिकाणी येतो. पेत्राच्या नाकाला तो वास गेला असेल तेव्हा त्याला ती रात्र आठवली नसेल असं मला वाटत नाही. येशू त्याला त्या वासापासून दूर नेत नाही. तिथंच बसवतो, न्याहारी देतो, 'माझ्यावर प्रीती करतोस का' असं तीनदा विचारतो आणि तीनदा काम देतो: माझी मेंढरं सांभाळ.

प्रश्न : बाई, मी निपाणीचा, वय २६, तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहितो. तुमच्या नातवाच्या वयाचा असेन. मी हिंदू आहे, आजी वारकरी. तुमचं सदर आमच्या वखारीत येतं म्हणून वाचतो. आजी म्हणते, केलेलं भोगूनच संपतं. तुमच्यात क्षमा मागितली की सुटलं, असं दिसतं. मग माणूस पुन्हा तेच करायला मोकळाच की. राग मानू नका.

उत्तर : राग कसला, बाळ. हा प्रश्न इतका जुना आहे की पौलानं रोमकरांस पत्र लिहिताना तो स्वतःच घातला आहे: कृपा वाढावी म्हणून आपण पाप करत राहावं काय? आणि स्वतःच उत्तर दिलंय, कधीच नाही.

तू हिशेब लिहितोस म्हणून तुला हिशेबानंच सांगते. वरच्या उत्तरातले ते दुकानदार काका घे. त्यांनी आमचे ९३ रुपये सोडले. ते ९३ रुपये गेले कुठं? हवेत विरले? बेळगावच्या रविवार पेठेतल्या घाऊक व्यापाऱ्यानं त्यांचं बिल ९३ रुपयांनी कमी केलं नसणार. त्या वर्षी त्यांच्या घरात कुणाला तरी नवं कापड मिळालं नसेल. ऋण सोडणाऱ्याला ते स्वतःच्या अंगावर घ्यावं लागतं, दुसरी वाट नाही. आम्ही ख्रिस्ती लोक वधस्तंभाकडे बघून हेच म्हणतो: भोगलं गेलं, पण ते त्यानं भोगलं. तेव्हा आजी म्हणते तशी किंमत आमच्यातही लागतेच. ती कुणी भरली, एवढ्यावर आमचं तिच्याशी जुळत नाही.

माझ्या आईनं काकांची किंमत ओळखली होती. म्हणून पुढं तिनं त्यांच्याकडे एक पैशाची उधारी केली नाही. आता कसं, फुकट मिळतंय, म्हणून पुन्हा ९३ चढवणारा कुणी निघाला तर त्याला क्षमा कळलेलीच नाही. त्याला नुसती सूट कळली.

आणि क्षमा झाली म्हणजे परिणाम पुसले गेले, असंही आमचं शास्त्र म्हणत नाही. दावीद राजानं दुसऱ्याची बायको नेली, तिच्या नवऱ्याला लढाईत मारवलं. नाथान संदेष्टा त्याच्यापुढं उभा राहिला तेव्हा दावीद म्हणाला, मी पाप केलं. नाथान म्हणाला, देवानं तुझं पाप दूर केलं आहे, तू मरणार नाहीस. आणि त्याच दमात म्हणाला, पण तुझं मूल मरेल. मला हा भाग वाचायला अजून जड जातं. पण तो तिथं आहे, आणि तो गाळून मी तुला उत्तर दिलं असतं तर खोटं झालं असतं. आजीला माझा नमस्कार सांग.

प्रश्न : बाई, सलाम. मी बेळगावचा, वय ६३. उद्यमबागेत फाउंड्रीत मोल्डर होतो. वीस-बावीस वर्षं दारूत गेली. बायको घरी पिको-फॉल करायची, तिची शिलाई मशीनसुद्धा मी विकली. पुढं बायको गेली. त्यानंतर प्रभूनं मला धरलं. सहा वर्षं झाली, थेंब नाही. देवानं माझं सगळं माफ केलं, पण माझी मुलगी करत नाही. लग्न होऊन गेली ती परत आली नाही, पत्ताही देत नाही, मामाशी तेवढं बोलते. येशूनं सत्तर वेळा सात क्षमा करायला सांगितली आहे. ती तुमचं सदर वाचते असं कळलं. तिला समजावून सांगा.

उत्तर : भाऊ, सलाम. सहा वर्षं. फाउंड्रीची भट्टी, शिफ्ट सुटल्यावरचा तो घसा, गेटबाहेर वाट बघणारे दोस्त, हे सगळं ज्यानं बघितलंय त्यालाच सहा वर्षं म्हणजे काय ते कळतं. मी त्याबद्दल देवाचे मनापासून आभार मानते. तुम्हाला मिळालेली क्षमा खरी आहे यात मला शंका नाही.

पण तुमच्या मुलीला मी काहीही समजावणार नाही. आणि ती हे वाचत असेल तर तिला एवढंच सांगते, बेटा, हे उत्तर तुझ्यासाठी नाही, तुझ्यावर कसलंही ओझं नाही.

सत्तर वेळा सात हे वाक्य कुणाला सांगितलंय ते बघा. पेत्र विचारत होता, माझ्या भावानं माझा अपराध केला तर मी किती वेळा क्षमा करू? ज्याला लागलंय तो विचारतोय आणि प्रभू त्याला सांगतोय. ज्यानं मारलंय त्यानं ते वाक्य उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर धरावं, असं मला शुभवर्तमानात कुठं सापडलेलं नाही. खानापूरच्या स्टँडवर मी तेच केलं होतं. वर लिहिलंय, पुन्हा वाचा.

उधळ्या पुत्राची गोष्ट तुम्हाला पाठ असेल. बापाकडून घेतलेला वाटा उधळून कंगाल झाल्यावर डुकरांमध्ये बसून तो बापापुढं काय बोलायचं ते जुळवतो. तीन वाक्यं: मी स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्याविरुद्ध पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही, मला एका मोलकऱ्यासारखं ठेवा. घरी पोचल्यावर तो पहिली दोन म्हणतो. तिसरं त्याच्या तोंडून निघतच नाही, कारण बाप तोवर चाकरांना झगा आणि अंगठी आणायला सांगत असतो. हा बापाचा मोठेपणा, आणि तुमच्या बाबतीत देवानं तो दाखवला. पण मुलगा मोलकरी व्हायच्या तयारीनं आला होता. अंगठी मागायला आला नव्हता. तुम्ही देवाकडे तसे गेलात. मुलीकडे मात्र अंगठी मागत चाललाय.

तुमच्या पत्रात मला एकच जागा अशी दिसली की जिथं मुलगी थांबून वाचेल. मशीनसुद्धा विकली. चार शब्दांत उरकलंत. ज्या मशीनवर तिच्या शाळेची फी निघत असेल, जिचा आवाज ऐकत ती झोपत असेल, ती मशीन घरातून गेली त्या दिवशी मुलगी कुठं होती? हे तुम्हाला ठाऊक आहे का?

पत्र लिहा. एक पान पुरे. त्यात देव नको, वचन नको, क्षमा हा शब्द नको, आपलं म्हातारपण आणि तब्येत नको. मशीनबद्दल लिहा. कोणत्या साली, कुणाला, कितीला विकली आणि त्या पैशांचं काय झालं. विकून घरी आलात तेव्हा तिची आई काय म्हणाली. मुलगी तेव्हा कितवीत होती ते आठवत असेल तर लिहा, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणून लिहा. नवी मशीन घेऊन पाठवू नका. ती घेतली तर तिला उपकार वाटेल, परत केली तर तुम्हाला अपमान वाटेल. शेवटी लिहा की उत्तराची अपेक्षा नाही, आणि खरोखरच ठेवू नका.

पत्ता नाही म्हणता. तिच्या मामांकडे जा, पण पत्ता मागू नका. पाकीट बंद करून त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, तिला आधी विचारा, हवं म्हणाली तरच पोचवा.